लोकरीतलं बियाणं

राब भाजण्याचा वास ज्याला ठाऊक नाही त्याला तो सांगून समजायचा नाही, तरी सांगून बघते. भाताची रोपं जिथं टाकायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या झाडाच्या वाळल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. मग एका कडेनं विस्तव लावायचा, तोही वाऱ्याच्या उलट दिशेनं, म्हणजे जाळ धावत नाही, धुमसत पुढं सरकतो. तणाचं बी मरतं, राख मातीत मुरते आणि पाऊस पडला की रोप काळंभोर येतं. त्या धुराला जळल्याचा वास नसतो. भाकरी तव्यावर थोडी जास्त राहिली की घरभर पसरतो ना, त्याच्या जवळपासचा काहीतरी असतो. आमच्याकडं ‘राब जाळला’ असं कुणी म्हणत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, या शब्दाबाबत फार कडक होते. ‘जाळत्यात ते मढं,’ म्हणायचे, ‘राब भाजत्यात.’

माले गावाच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी. एकोणीस घरं. घराच्या मागं आमची भातखाचरं, खाचरांच्या वर राबाचा तुकडा, त्याच्या वर दगडी बांध आणि बांधाला लागून गावाचा माळ. मागच्या दारापासून बांधापर्यंत चारशे साठ पावलं होती, आईच्या पावलांनी चारशे तीस. हे मला ठाऊक असायचं कारण मी सगळं मोजत असे. का, ते सांगता येत नाही. भाकऱ्या, जिन्याच्या पायऱ्या, बैलाच्या घंटेचे ठोके, पाहुण्याचं खोकणं. त्यामुळं वाडीत मला तलाठीण म्हणत. आता बावधनला आमच्या इमारतीत टँकर आला की त्याची वेळ वहीत लिहायचं काम आपोआप माझ्याकडं आलं आहे, आणि घरात त्यावरून हसतात. हसोत.

माळ म्हणजे काही उजाड जागा नव्हे, हे शहरातल्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं. आमच्या माळावर झाडं अशी नव्हतीच. कमरेएवढं गवत, त्यात जास्त करून कुसळी गवत, आणि मधे मधे करवंदीच्या जाळ्या. मोठ्या जाळ्या सत्तावीस. त्या जाळ्यांच्या पोटात ससे असत, घोरपड असे आणि मुख्य म्हणजे तित्तर. पहाटे आई चूल पेटवायची तेव्हा फुंकणीचा आवाज थांबला की मधल्या शांततेत वरून हाक यायची, ‘तितीतर, तितीतर’. एका जाळीतला थांबला की दुसरीतला सुरू करायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजायची. नऊ ठिकाणांहून यायची ती हाक. दव, धूर आणि ती हाक, यात मला परत डोळा लागायचा, आणि झोपेत माळ घराच्या आत आल्यासारखा वाटायचा. गवत माझ्या गोधडीवर डुलायचं.

माळाच्या पायथ्याशी ठकूमावशीचा मुक्काम असे. ती धनगरांची. पावसाळ्यात ते लोक मेंढरं घेऊन पूर्वेला, कमी पावसाच्या गावांकडं जात आणि दिवाळीला परत आमच्या वाडीला येत ते उन्हाळा संपेपर्यंत राहत. मेंढरं माळावर चरत आणि रात्री वाडीच्या खाचरांत बसत, म्हणजे खाचरांना खत मिळे. ठकूमावशी आमच्याच विहिरीचं पाणी नेई. उंच, हाडकुळी बाई, बोलताना समोरच्याकडं न बघता मेंढरांकडं बघणारी. मला म्हणायची, ‘तलाठणी, सांग बरं, किती हायेत?’ मी मोजून सांगायची, आणि ती मान हलवून म्हणायची, ‘बरुबर,’ जसं काही तिला आधी माहीतच नव्हतं.

मी सोळा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात आप्पांनी पहिल्यांदाच राबाला मला एकटीला बसवलं. सकाळी त्यांनी स्वतः विस्तव लावला, वारा बघितला, पाण्याची घागर आणि निरगुडीचा ओला फाटा माझ्या हाताशी ठेवला. नियम सांगितला, तो मला पाठच होता. धूर थांबला की राखेवर पालथा हात धरायचा आणि वीस मोजायचे. हात राहिला तर राब निवला. दहा वाजून गेले तसा धूर बारीक झाला, मग नाहीसा झाला. मी तुकड्याच्या चारही कडांना आणि मधे, अशा नऊ जागी हात धरला. नऊही जागी वीस मोजले. घाई केली नाही, आकडा चुकवला नाही. मग खालून आईची हाक आली, ‘नंदे, जेवाया ये गं, घुटं निवतंय.’ मी घागर तिथंच पालथी केली आणि खाली आले.

उडदाचं घुटं, नाचणीची भाकरी आणि करवंदाचं लोणचं. मी घुटं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. तेवढ्यात बाहेर वाळक्या पाचोळ्यावरून पुष्कळ जनावरं पळत यावीत तसा आवाज सुरू झाला. आई आधी उठली. मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. बांधाच्या वर, माळाच्या गवतात, एक नारिंगी ओळ दुपारच्या उन्हात जवळजवळ दिसत नव्हती. तिच्यावरची हवा मात्र हलत होती आणि त्या हवेत माळ पाण्यात बघितल्यासारखा वाकडा झाला होता. आजही घुटं केलं की पहिला घास घेताना माझी नजर खिडकीबाहेर जाते. अकराव्या मजल्यावरून दुसरी इमारत दिसते, तरी जाते.

नंतर कळलं ते असं. बांधाच्या दगडांत करवंदीचं एक जुनं, मेलेलं खोड होतं. त्याचं मूळ राबाच्या मातीखाली आलेलं होतं. विस्तव त्या मुळात शिरला, आतल्या आत बांध ओलांडून गेला आणि दुपारचा वारा सुटल्यावर पलीकडं बाहेर पडला. मी नऊ जागी हात धरला. दहावी जागा बांधाच्या पोटात होती.

वणवा विझवायला पहिल्यांदा पोचली ती ठकूमावशी आणि तिच्या घरची तीन माणसं. मी पोचले तेव्हा ती हातात घोंगडं घेऊन जाळावर झोडत होती. मागून वाडी आली, ओले फाटे घेऊन. चार वाजेपर्यंत सगळं संपलं. विझवलं म्हणण्यापेक्षा, जळायचं ते जळून झालं असंच म्हणावं लागेल. पश्चिमेची देवराईच्या अंगाची एक कड राहिली, कारण मधे पायवाट होती. सत्तावीसपैकी तेवीस जाळ्या गेल्या. तात्यांच्या दोन गवताच्या गंज्या माळाच्या कडेला रचलेल्या होत्या, त्याही गेल्या. तात्या म्हणजे वाडीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांचा शब्द खाली पडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळे जमले. आम्ही बायका पायऱ्यांपाशी उभ्या होतो. ‘धनगरांचंच काम,’ तात्या म्हणाले, ‘नवं हिरवं गवत फुटावं म्हून लावत्यात. म्हाईत हाय मला.’ कुणीतरी म्हणालं, ‘पण विझवाया तीच आधी आली हुती की.’ त्यावर तात्या म्हणाले, ‘म्हून तर. हितंच हुती म्हून आधी आली.’ हे सगळ्यांना पटलं. आता इतक्या वर्षांनी मी त्या वाक्याकडं पुन्हा पुन्हा बघते. एखाद्या हिशेबात बेरीज बरोबर असावी आणि मांडलेला आकडाच चुकीचा असावा, तसं ते वाक्य आहे. ठरलं ते हे की धनगरांनी चार दिवसांत मुक्काम हलवायचा आणि पुन्हा या माळावर मेंढरू चढवायचं नाही. ठकूमावशी देवळासमोरच्या पिंपळाखाली उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. मीही नाही.

दोन दिवस मी काही मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी भरायला विहिरीवर गेले तर ठकूमावशी तिथं होती. तिच्या घोड्यावर अर्धं बिऱ्हाड चढलं होतं. मी कळशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘मावशी, माळ आमच्या राबातनं पेटला.’

ती दोरी आवळत राहिली. ‘ठाव हाय,’ म्हणाली.

‘कुणी सांगितलं?’

‘कोन सांगनार. मी वरच हुते. बांधातनं धूर निघताना बघितला. तितनं पळत आले तवर जाळ गवतात गेला हुता.’

‘मग देवळात बोलली का न्हाईस?’

‘माझं कोन ऐकतंय, बाय? तुझं ऐकत्याल.’ मग गाठ मारून तिनं पहिल्यांदाच मेंढरांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. ‘सांगशील का न्हाई, तेवढं बघत हुते मी.’

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते गोठ्यात होते. ऐकून घेतलं, हातातला चारा बैलापुढं टाकला, हात झटकले आणि म्हणाले, ‘चल.’ देवळात तात्या आणि चार-पाच माणसं होती. आत पाऊल टाकायची मुलींची रीत नव्हती, म्हणून मी उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

‘तात्या, माळ धनगरांनी न्हाई पेटवला. आमच्या राबातनं पेटला. बांधातल्या मुळातनं.’

‘राबाला कोन बसलं हुतं?’

‘मी.’

‘मग हात धरून बघितला न्हाई?’

‘बघितला. नऊ जागी. वीस वीस मोजून.’

आतून कुणीतरी हसलं. ‘तलाठणीनं मोजणी केली आन् माळ गेला.’ त्यावर दोघं-तिघं हसले. आप्पा हसणं थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, ‘राबाला एकली पोर बसवली ती मी. बांधातलं खोड काढलं न्हाई ते बी मी. चूक माझी हाय.’

दोन गंज्या गेलेल्या माणसाचा राग असा एका वाक्यानं जात नाही. तात्या म्हणाले, ‘मग ह्यो माळ तुमीच उभा करायचा. आन् धनगरांचं म्हनशील, तर त्यांनी दिवाळीला यावं, खाचरात बसावं. पर माळावर मेंढरू चढता कामा न्हाई. माळाला आधी जीव धरू द्या.’

‘कधीपतुर?’ आप्पांनी विचारलं.

तात्यांनी वर काळ्या माळाकडं हात केला. ‘तित्तर बोलंपतुर. माथ्याखाली, वरच्या पट्टीत तित्तर बोलला की चढवा. त्याच्या आधी न्हाई.’

हा नियम त्यांनी रागात, सहज केला असेल, पण मला तो आजही अगदी अचूक वाटतो. तित्तर उघड्यावर राहत नाही. त्याला लपायला जाळी लागते, पिलांना गवत लागतं, गवतात किडे लागतात. तो बोलला याचा अर्थ खालचं सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दारात दोन टोपल्या आणि एक पहार ठेवलेली होती. ‘राब भाजला,’ आप्पा म्हणाले, ‘आता राबायचं.’ वर पोचल्यावर त्यांनी राखेत हात घातला, मूठभर उचलली आणि वास घेतला. ‘आख्खा माळच राब झालाय, नंदे. राख हितं राहिली तर गवत चांगलं येईल. पावसानं नेली तर खाली मुरूम.’ आमच्याकडचा पाऊस ज्यानं बघितला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तो राख आठ दिवसांत ओढ्याला लावतो.

मग आम्ही ताली घातल्या. ताल म्हणजे उतारावर आडवी रचलेली दगडांची ओळ. दगड कमी पडले तिथं जळक्या करवंदीचे फांदे आडवे टाकून त्यांवर दगड ठेवले. आप्पा, आई आणि मी. पहाटे चढायचं, ऊन डोक्यावर आलं की उतरायचं. पहाटे तो काळा माळ निळा दिसायचा. चालताना आवाज होत नसे, पाय राखेत मऊ बुडायचा आणि मागं बघितलं की आपली पावलं आपल्याकडं येताना दिसायची. हाक एकही यायची नाही. आई मधेच थांबून कान द्यायची, मग पुन्हा वाकायची. त्या दिवसांची आठवण मला एखाद्या लांब, एकाच रंगाच्या स्वप्नासारखी आहे, ज्यात आम्ही तिघं दगड उचलतो आहोत आणि दगडांना वजन नाही. वजन होतं, अर्थात. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख अजून वाकडं येतं.

चौऱ्याण्णव ताली झाल्या आणि मृग लागला. वरची पट्टी, माळाच्या माथ्याखालची, राहून गेली. साधारण आमच्या तीन खाचरांएवढी जागा. पावसानं जे करायचं ते केलं. खाली, तालींच्या पोटात, गवत असं उसळलं की तात्या स्वतः बघायला आले. जळलेल्या करवंदींच्या बुडातून तांबूस कोंब फुटले. पण वरच्या पट्टीत श्रावणातही तांबडा मुरूमच दिसत होता. खालून बघितलं की हिरव्या माळाला टक्कल पडल्यासारखं वाटे. आणि तात्यांचा नियम नेमका त्या पट्टीचा होता.

दिवाळीला ठकूमावशी आली. मुक्काम खाचरात टाकला आणि पहिल्याच दिवशी वर बघून म्हणाली, ‘ह्या टकलावर तित्तर कशाला येतोय.’ आप्पांनी आणि मी तोवर त्या पट्टीत नव्या ताली घातल्या होत्या आणि ओढ्यातला गाळ टोपल्यांनी नेऊन त्यांच्यामागं भरला होता. तीनशे चाळीस टोपल्या. ‘माती झाली,’ आप्पा म्हणाले, ‘आता बी कुटनं आनायचं? कुसळाचं बी काय पेरता येतंय?’

कुसळ ज्यानं पायातून उपसलं नाही त्याच्यासाठी सांगते. गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढं तपकिरी बी, पुढं सुईसारखं टोक आणि मागं बोटभर काळी, पीळ घातलेली शेपटी. वाऱ्यानं या शेपट्या एकमेकींत गुंततात आणि गवताच्या डोक्यावर जटा तयार होतात. मुठीनं ओढायला जावं तर हाताची चाळण होते. आणि मेंढराच्या लोकरीत शिरलं तर टोक कातडीपर्यंत जातं, जखम होते. म्हणून कुसळ पिकायच्या आधी धनगर मेंढरं कातरून घेतात. ठकूमावशीनं त्या दिवशी कात्री धारेला लावलेलीच होती.

तिनं आप्पांचं ऐकलं, कात्रीचं पातं अंगठ्यावर फिरवलं आणि विचार करून म्हणाली, ‘पेरता कशाला. मेंढरंच आनत्यात की. आमी सालभर त्येच उपसत बसतो.’ मग आपल्याच बोलण्यावर थांबली. ‘बारा ठेवते बिनकातरलेली. म्हाताऱ्या, जाड लोकरीच्या. बारा म्हंजी बारा. त्यावर एक न्हाई.’

पण मेंढरू माळावर चढवायला बंदी होती. मी तात्यांकडं गेले. ते ओट्यावर सुतळी वळत होते.

‘तात्या, बारा मेंढ्या वर न्यायच्यात. चराया न्हाई.’

‘मग काय देव बघाया?’

‘बी आनाया. देवराईच्या कडंनं चालवायच्या आन् वरच्या पट्टीत आनून लोकर झाडायची.’

त्यांनी सुतळी वळणं थांबवलं. ‘ही अक्कल कुनाची?’

‘ठकूमावशीची.’

‘हं,’ म्हणाले, आणि सुतळी पुन्हा वळायला घेत, ‘तोंडं बांधून न्या.’

तर अशा बारा मेंढ्या, तोंडाला दोरीच्या जाळ्या बांधलेल्या, रोज संध्याकाळी देवराईच्या कडेच्या उभ्या गवतातून जायच्या. बाहेर यायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर कुसळांच्या जटा असायच्या. मग वरच्या पट्टीत त्यांना बसवून आम्ही दोघी एकेक कुसळ उपसायचो आणि गाळाच्या मातीवर टाकायचो. कातडीपर्यंत काही जाऊ द्यायचं नाही, ही ठकूमावशीची अट. मेंढीच्या पोटाशी हात घातला की ऊब लागायची, वरून गार वारा. ती काहीतरी गुणगुणायची. मी मोजायची. पहिल्या दिवशी एका मेंढीच्या अंगातून सहाशे अकरा निघाली. ‘बास कर गं,’ ठकूमावशी म्हणाली, ‘तिला नजर लागंल.’

एक दिवस तिनं मला पहाटे वर बोलावलं. ‘ये, गंमत दावते.’ आम्ही पट्टीत उकिडव्या बसलो. धुकं खालच्या खाचरांवर पसरलं होतं, घरं दिसत नव्हती, फक्त आमच्या चुलीचा धूर धुक्यातून वर आला होता. आदल्या संध्याकाळची कुसळं मातीवर आडवी पडली होती आणि त्यांच्यावर दव होतं. ‘बघ,’ ती म्हणाली. मी बघत राहिले. काही दिसेना. मग एका कुसळाची शेपटी हलली. वारा नव्हता. शेपटीचा पीळ दवानं सुटत होता, आणि सुटता सुटता ती घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश फिरत होती. दुसरी फिरायला लागली, मग तिसरी. नजर बसली तशी सगळी पट्टीच फिरताना दिसू लागली, शेकडो काळ्या शेपट्या, आवाज न करता, आणि प्रत्येकीच्या टोकाचं बी थोडं थोडं मातीत शिरत होतं. ऊन वर आल्यावर त्या वाळल्या आणि उलट्या फिरल्या, पण बी परत वर आलं नाही. आम्ही किती वेळ बसलो होतो ते मला सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात ज्याचा आकडा माझ्याकडं नाही अशा थोड्या गोष्टींत ती सकाळ आहे.

मागच्या थंडीत मी माझ्या मुलीला घेऊन वाडीला गेले होते. पायथ्याशी आता तारेची कुंपणं आहेत, पाट्या आहेत, दोन बंगले आहेत. वर अजून माळ आहे. परत येताना गाडीत मुलगी पायमोजे काढून खिडकीबाहेर झटकायला लागली तर मी तिचा हात धरला. ती म्हणाली, ‘आई, नुसती कुसळं आहेत.’ मी ती रुमालात घेतली आणि गाडी वळवायला लावली. तिनं काही विचारलं नाही. हे प्रकरण खरं तर तिच्यासाठीच लिहिते आहे.

मेंढ्यांची कुसळं टाकली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पट्टीत गवत आलं. विरळ, पण आलं. कोंब फुटलेल्या करवंदी तोवर गुडघ्याच्या वर गेल्या होत्या आणि त्यांतली एक पट्टीच्या अगदी कडेला होती. दिवाळीला ठकूमावशी परत आली, खाचरात बसली. आता सगळं एका हाकेवर अडलं होतं. त्या साली खाचरांत हरभरा धरायचं वाडीत चाललं होतं. तसं झालं तर मेंढरांना बसायला खाचर नाही आणि चढायला माळ नाही. ‘महिनाभर बघते,’ ठकूमावशी म्हणाली, ‘मग दुसरा गाव. एकदा हितनं गेलो की परत कोन बलावतंय.’

मी रोज पहाटे बांधावर जाऊन बसायची. एकवीस दिवस काही नाही. बाविसाव्या दिवशी वरून हाक आली. ‘तितीतर, तितीतर.’ एकदाच. मी उठले नाही. वाटेनं जाणारा एखादा असेल. एकदा ऐकलेलं मी धरत नाही. नऊ जागी वीस वीस मोजून माळ घालवलेल्या मुलीनं धरू नये. तीन दिवस, एकाच जाळीतून, असं मी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की बांधही दिसत नव्हता, आणि त्या पांढऱ्यातून हाक आली, पट्टीच्या कडेच्या करवंदीतून, त्याच जागेवरून.

मी पळत खाचरात गेले. ठकूमावशी वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, गुंडाळत होती. मेंढरं उभी राहून माळाकडं तोंड करून होती.

‘किती हाका झाल्या?’ तिनं विचारलं.

‘तीन.’

‘पयल्या दिशी मलाबी आली हुती ऐकाया.’

‘मग थांबलीस कशाला?’

‘तुझं मोजून हुयाचं हुतं,’ ती म्हणाली. ‘जा, सांग तात्यास्नी. तवर धरते ह्यांना.’

तात्या ओट्यावर मिश्री लावत बसले होते. मी धापा टाकत सांगितलं, ‘तात्या, वरच्या पट्टीत तित्तर बोलला. तीन दिस. एकाच जाळीतनं. तीन येळा.’ त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं, मग माझ्या मागं, माळाच्या बाजूला, जिथं धुकं नुकतंच विरळ होत होतं. मी वळून बघितलं. मेंढरं धरलेली नव्हती. पायवाटेनं चढायला लागली होती, पुढं त्या जाड लोकरीच्या म्हाताऱ्या मेंढ्या, मागं काठी आडवी खांद्यावर घेतलेली ठकूमावशी.

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात वरून, दिवसाच्या पहिल्या उन्हातून, स्पष्ट हाक आली. तात्यांचं बोट तोंडात तसंच राहिलं. मग त्यांनी ते काढलं, आणि तोंडात मिश्री असल्यामुळं काही न बोलता माझ्यासमोर चार बोटं वर केली.